कावळ्यासमोर ठरलेलं माझं एम.कॉम.

प्रिय बाबा,

तुम्हाले पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. तुम्ही होते तेव्हा गरजच काय होती? तुम्ही पुढच्या खोलीत, मी मागच्या खोलीत, अन् मधात आई, इकडचं बोलणं तिकडे पोहोचवणारी. आता तिकडचं काही येत नाही, म्हणून लिहायले बसली.

पण आजच काहून? गुरुवारी तुमचं वर्षश्राद्ध आहे अन् शनिवारी फी भरायची शेवटची तारीख. दोन जागी माझं नाव लागलं, बाबा. एक आपल्या ब्राह्मणपाऱ्यातून पायी जाता येते त्या कॉलेजात, एम.कॉम., अकाउंटिंग. दुसरं तिकडे नवा रायपुरात, एम.बी.ए., फायनान्स. फी एकाच ठिकाणी भरायची होती, अन् आज मी ती भरून आली. कुठं भरली ते लगेच सांगणार नाही. नाहीतर तुम्ही बातम्या लागल्यावर उठून जायचे तसे अर्ध्यातून उठून जाल.

मराठी लिहिताना चुकलं तं सांभाळून घ्या. शाळा सगळी हिंदीत झाली. मराठी तुम्ही रविवारी शिकवली, जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. तेवढ्यावर जे येते ते हे.

पहिले तुमच्या दहाव्याचं सांगते, कारण सगळा घोळ तिथंच झाला.

खारून नदीच्या काठावर आम्ही सकाळपासून होतो. पिंड ठेवले, सगळे मागे सरकले, अन् कावळे काही खाली येईनात. तारेवर बसलेले होते की! दहा-बारा तं मीच मोजले. आमच्याकडे बघत होते, पंख साफ करत होते, पण उतरायचं नाव नाही. ऊन वाढत चाललं. गुरुजींना आणखी एका घरी जायचं होतं, ते दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत. बाजूचे साहू भैया मले हळूच विचारत होते की आता कोणाची वाट बघून राहिले तुम्ही लोक. मी त्यांले सांगितलं की आमच्याकडे कावळा पिंडाले शिवला नाही तं गेलेल्या माणसाचं काहीतरी मनात राहिलं असं धरतात. मग घरच्यांनी शब्द द्यायचा असतो, तुझं ते राहिलेलं आम्ही करू म्हणून.

मग काय, शब्द देणं सुरू झालं. पहिले काका पुढं झाले. हात जोडून म्हणाले, वहिनीले एकटं पडू देणार नाही. कावळा हलला नाही. मग काकूनं काकांच्या कानात काही सांगितलं, अन् ते म्हणाले की गोंदियाच्या जमिनीचं भांडण मिटवतो. तरी नाही. तुमचे ते पानठेल्यावरचे दोस्त आले होते, त्यांनी खिशातून तुमच्या आवडीच्या तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पुडी काढून पिंडाच्या बाजूले ठेवली. डोळ्यांत पाणी होतं बिचाऱ्यांच्या, पण गुरुजी असे भडकले की विचारू नका. पुडी उचलावी लागली. मले त्या सगळ्यात हसू आलं, बाबा. तुमच्या दहाव्याले मी तोंडाले ओढणी लावून हसली. तुम्ही असते तं तुम्ही बी हसले असते, मले पक्कं माहीत आहे.

मग मामा उठले. आपले भिलाईचे मामा, स्टील प्लांटमधल्या आवाजाची सवय झालेले, हळू बोलणं त्यांले येतच नाही. पार नदीत जाऊन उभे राहिले अन् मोठ्यानं म्हणाले, "भाऊजी, रेणू एम.कॉम.च करीन! अकाउंट्सच करीन! तुमची खुर्ची तीच सांभाळीन, काळजी करू नका!"

अन् कावळा आला. आला तो सरळ पिंडावरच. एकाच्या मागे चार आले.

सगळे रडले. आई तं अशी रडली की काकूले तिले धरावं लागलं. मामा पाण्यातून बाहेर आले, पँट गुडघ्यापर्यंत ओली, अन् माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, बघ, त्यांचा जीव तुझ्यात अडकला होता. आता सांगा बाबा, अशा वेळी कोण्या पोट्टीच्या तोंडून निघणार होतं की थांबा मामा, मले फायनान्स करायचं आहे म्हणून? मी मान हलवली. बस, ठरलं माझं एम.कॉम.

तेव्हापासून वर्षभर घरात हाच मंत्र. कोणी बी आलं की आई सांगणार, रेणूचं एम.कॉम.चं पिंडावर ठरलं. भाजीवालीले बी माहीत आहे. मी एकदा चाचपून पाहिलं, फायनान्सचं नाव काढलं, तं आई अशी दचकली जसं मी पळून जाऊन लग्न करायचं म्हटलं. तुम्हाले माहीतच आहे, आपल्या पाऱ्यातल्या गल्ल्यांत फायनान्सवाले म्हणजे कोण. हप्ता थकला की गाडी उचलून नेणारे. मागच्या गल्लीतल्या पोट्ट्याची मोटरसायकल नेली तेव्हापासून तं कोणी अनोळखी माणूस फाईल घेऊन दिसला की बाया दार लावून घेतात. आईनं विचारलं, लोकांले काय सांगू मी, पोरगी फायनान्सवाली हाये म्हणून?

ते सोडा. समजावून सांगता आलं असतं. पण पिंडावरच्या शब्दाचं काय करू? आई म्हणे, तो शब्द मोडला तं त्यांचा जीव तिकडे बी अडकून राहीन. तिच्या समोर मी काय वाद घालू, तुम्हीच सांगा! इकडे माझी जिंदगी, तिकडे आईची झोप. तुमच्या नंतर ती कशीबशी झोपायले लागली होती, ती बी त्या कावळ्याच्या भरवशावर.

तुमच्यावर बी राग आला मले. खरंच सांगते. तुम्ही काहून कधी विचारलं नाही? बी.कॉम.चा निकाल आला त्या संध्याकाळी तुम्ही गोल बाजारातून आले, हातात जिलबीचा पुडा. आईले दिला, देवाजवळ ठेवायले लावला, मग माझ्याजवळ येऊन म्हणाले की आता पुढं एम.कॉम. करून घे, हिशोबवाला माणूस उपाशी मरत नाही. विचारलं नाही. सांगितलं. अन् मी काय केलं? "बघू" म्हटलं अन् मोबाईलमध्ये डोकं घातलं. तुम्ही थोडा वेळ उभे राहिले, मग चपला काढायले गेले. मले वाटलं होतं, सावकाश सांगीन. दोन महिन्यांनी तुम्ही हिशोब लिहायचे त्या कपड्याच्या दुकानातच छातीले हात लावून बसले, अन् सावकाश ते राहूनच गेलं.

आता तुम्ही म्हणाल की हिले फायनान्सचं वेड लागलं कुठून. ऐका.

तुमच्या नंतर त्या वर्षीचा प्रवेश हुकला, म्हणून मी सीए सरांच्या ऑफिसात कामाले जायले लागली. तुम्ही त्यांले ओळखत होते, तुमच्या दुकानांचे कागद त्यांच्याकडेच जायचे. पहिले चार महिने व्हाउचर अन् बिलं जुळवायचं काम. ते मले येते, बाबा. तुमच्या मांडीवर बसून शिकलेली आहे मी, बेरीज वरून खाली केली की खालून वर बी करायची. सर म्हणायचे, मुनीमजी की बेटी है, आँख बंद करके भी मिला देगी. चांगलं वाटायचं. पण सांगू का? जुळलं की संपलं. जे होऊन गेलं ते बरोबर लिहिलं आहे का, एवढंच बघायचं. कोणी तरी हे बघितलंच पाहिजे, मी त्याले हलकं म्हणत नाही. पण माझं मन पुढंच पळायचं. हा माणूस पुढच्या वर्षी काय करीन? ह्याचं दुकान टिकीन का?

मग एक दिवस सरांनी एक फाईल टायपिंग तपासायले दिली. एका माणसाले विटांचा कारखाना टाकायचा होता, बँकेत द्यायचा प्रोजेक्ट रिपोर्ट. ऑफिसातली पद्धत तुम्हाले ठाऊक असेलच. नवीन रिपोर्ट कोणी पहिल्यापासून लिहीत नाही, जुना घेतात, नाव बदलतात, आकडे बदलतात. हा जुना रिपोर्ट होता पोहा मिलचा. अन् विटांच्या रिपोर्टात सातव्या पानावर तसंच राहिलं होतं की सणासुदीत मालाची मागणी वाढते, लोक सकाळच्या नाश्त्यात रोज खातात. विटा! मी एकटीच हसली ऑफिसात. पण नंतर हसू आलं नाही. कारण त्याच्या पुढच्या पानावर आकडे होते, अन् ते बी पोह्याचेच होते. पावसाळ्याचे चार महिने भट्टी बंद राहते हे त्यात कुठंच धरलं नव्हतं. तो माणूस त्या कागदावर कर्ज घेणार, अन् श्रावणात बसणार डोक्याले हात लावून.

मी दोन दिवस बसून ते सगळं नव्यानं मांडलं. त्या माणसाले फोन करून विचारलं, भैया पानी के टाइम कितने दिन भट्ठा बंद रहता है, मजदूर कब गाँव जाते हैं. तो भरभरून सांगत गेला. सरांनी पहिले झापलं की तुले हे कोणी सांगितलं. मग चष्मा वर करून वाचलं, अन् बराच वेळ वाचत राहिले. म्हणाले, "देख बेटा, अकाउंट वाला बताता है क्या हुआ. फाइनेंस वाले को बताना पड़ता है कि अब क्या होगा. गलत बताया तो किसी का घर जाता है. तू सोच ले, तुझे किस कुर्सी पर बैठना है."

मी विचार केला, बाबा. मैत्रिणीले विचारलं, कॉलेजच्या मॅडमले विचारलं. मॅडमनं नीट समजावलं. अकाउंटिंगमध्ये पुढं गेली तं ऑडिट, टॅक्स, कंपन्यांचं अकाउंट्स, नाहीतर नेटची परीक्षा काढून कॉलेजात शिकवायचं. पक्कं काम, इज्जतीचं काम, रायपुरात बसून होते. फायनान्समध्ये गेली तं बँकेत कर्जाचं, गुंतवणुकीचं, जोखमीचं. गाव सोडावं लागीन, नोकरी कधी वर कधी खाली. मॅडम म्हणाल्या की दोन्हीत गणित तेच, स्वभाव वेगळा लागतो. मी घरी येऊन माझा स्वभाव शोधत बसली. मले तं उत्तर सापडलं होतं, पण त्या उत्तरावर तुमचा कावळा बसला होता.

चोरून फॉर्म भरला फायनान्सचा. आईले सांगितलं की ऑफिसच्या कामानं जाते. नवा रायपुरचे ते रस्ते तुम्ही पाहिले नाही नीट, एवढे रुंद की रस्ता ओलांडायचा म्हणजे देवाचं नाव घ्यावं लागते, अन् बस एक गेली की दुसरीचा पत्ता नाही. मुलाखतीले पोहोचली तं घामानं भिजलेली. समोर तिघं जण. एकानं विचारलं की बी.कॉम.मध्ये अकाउंट्सले एवढे मार्क, मग एम.कॉम. काहून नाही, करिअरचं काय ठरवलं आहे. पाठ केलेलं सगळं विसरली मी! तोंडातून निघालं की मले ती बाई व्हायचं आहे जी कर्ज द्यायच्या आधी भट्टी बघायले जाते. ते एकमेकांकडे बघायले लागले. मले वाटलं, गेलं.

गेलं नाही. नाव लागलं. थोडी फी माफ बी झाली, अन् उरलेल्याचं सरांनी बँकेत बोलून ठेवलं आहे. अन् ज्या दिवशी नाव लागलं त्या दिवशी मी घरी येऊन आईसोबत वाल सोलत बसली, तोंडातून शब्द काढला नाही.

मग परवा रविवारी मामा आले, वर्षश्राद्धाचं ठरवायले. किती पानं, कोणाले बोलवायचं, वडे किती. बोलता बोलता म्हणाले की ह्या वर्षी कावळा पटकन येईन, भाऊजी शांत हाये, पोरीचं एम.कॉम. सुरू होऊन राहिलं. आईनं मान हलवली. मी बी हलवली. मले मानच हलवता येते बहुतेक. मामा गेले तेव्हा मी ठरवून टाकलं. आईले म्हटलं, उद्या कॉलेजात जाऊन एम.कॉम.ची फी भरून येते. तिच्या चेहऱ्याकडे बघत होती मी. वाटलं, खुश होईन.

ती खुश झाली नाही, बाबा. हातातलं भांडं खाली ठेवलं अन् विचारलं की हे तू आपल्या मनानं म्हणून राहिली का. मी हो म्हटलं. तिनं परत विचारलं. मी परत हो म्हटलं, पण ह्या वेळी आवाज फुटला.

आई ओट्याले टेकून खाली बसली. मग म्हणाली, "दादा बोलला नं घाटावर, तवा मी बी बोलली होती. मनातल्या मनात. एकाच वेळी."

मी विचारलं, काय बोलली?

"म्हटलं, अवो, मी हिले विचारीन. हिचं जे काही करायचं ते हिले विचारूनच करीन. तुम्हाले कोणी विचारलं नाही, तसं पोरीचं होऊ देणार नाही. एवढं म्हटलं अन् कावळा शिवला."

वर्ष झालं, आई! वर्षभर विचारलं नाही! हे मी मोठ्यानं म्हटलं की मनात, आता आठवत नाही. पण तिनं ऐकलं. पदर तोंडाले लावला अन् म्हणाली की भीती वाटली. विचारलं असतं तं तू बाहेरचं सांगितलं असतं. तू गेली असती तं ह्या दोन खोल्यांत मी कोणाशी बोलली असती? दादाचा शब्द मले सोयीचा पडला, म्हणून मी तोच धरून बसली.

कशी रागावू हो तिच्यावर? तुम्हीच असते तं काय केलं असतं? मी तिच्या बाजूले बसली. ती रडत होती, मी बी रडत होती, अन् कुकरची शिट्टी होऊन राहिली होती तिकडे. उठून गॅस कोणी बंद करीना.

थोड्या वेळानं मी विचारलं की बाबाले कोणी विचारलं नाही म्हणजे काय.

मग तिनं सांगितलं. तुम्ही मुनीम होते त्या राइस मिलचं. तुम्ही मले कधीच सांगितलं नाही ते. सेठजींनी तांदूळ निवडायची मोठी मशीन घ्यायचं काढलं, बँकेचे साहेब मिलमध्ये आले. सगळे कॅबिनमध्ये बसले, चहा गेला, समोसे गेले. तुम्ही बाहेर आपल्या टेबलाशी. आतून एक रजिस्टर मागवलं, तं तुम्ही नेऊन दिलं अन् तिथंच थोडे उभे राहिले, कोणी काही विचारीन म्हणून. साहेबांनी "ठीक है मुनीमजी" म्हटलं. तुम्ही बाहेर आले. त्या दिवशी घरी येऊन तुम्ही आईले म्हटलं की ह्या मिलच्या पोटात एवढं कर्ज पचत नाही, दोन हंगामात मिल बसीन. आईनं विचारलं की मग सांगितलं काहून नाही. तं तुम्ही म्हणाले, मले कोणी विचारलंच नाही.

दोन हंगामात बसली बी. तुम्ही म्हटल्याप्रमाणे.

बाबा, आता एक लिहायचं राहिलं. मिल बंद झाली तेव्हा मी बारावीत होती. तुम्ही घरी बसले, मग गोल बाजारातल्या कपड्याच्या दुकानांचे कागद घेऊन फिरायले लागले. मले मैत्रिणींसमोर लाज वाटायची. एक दिवस मी रागारागात म्हटलं होतं तुम्हाले, तुम्ही एवढे मोठे अकाउंटंट होते, तुम्हाले समजलं नाही का मिल बुडून राहिली ते? आठवते? तुम्ही बनियानच्या टोकानं चष्मा पुसत राहिले. मले वाटलं, ह्यांच्याजवळ उत्तर नाही.

उत्तर होतं. सगळ्यांच्या आधी होतं. मी बी विचारलं नाही, मी तं फक्त बोलली. माफ करा मले. ह्याच्यापुढं काय लिहू? माफ करा.

परवा कुकर उतरवल्यावर आईनं ताटं घेतली, मले समोर बसवलं, अन् पहिल्यांदा विचारलं, "सांग वं पोरी, तुले काय करायचं हाये?" मी सांगितलं. विटांपासून मुलाखतीपर्यंत सगळं सांगितलं. तिले अर्धं समजलं, अर्धं नाही समजलं. वालाची भाजी थंड झाली. शेवटी तिनं एवढंच विचारलं की गाडी तं उचलून न्यायची नाही नं कोणाची. मी म्हटलं, नाही. मग म्हणाली, हव, जा मग.

मामाले फोन तिनंच केला. मी कान लावून उभी होती. तिकडून पहिल्यांदाच हळू आवाज आला, अन् आपल्या मामांच्या बाबतीत ही काही साधी गोष्ट नाही. मग त्यांनी विचारलं की मग कावळा शिवला तो कोणाच्या बोलण्यानं. आई म्हणाली, ते कावळ्याले माहीत, आपण आता पोरीचं बघू. मामा हसले नाहीत, पण रागावले बी नाहीत. आज सकाळी त्यांचा फोन आला की फी भरायले जाते तं सोबत कोणाले घेऊन जा, तिकडे बस लवकर मिळत नाही.

तं आज आम्ही दोघी गेलो, मी अन् आई, नवा रायपुरले. तिनं तुमची ती निळी पिशवी घेतली होती, त्यात माझे कागद. बसस्टॉपवर ऊन खात अर्धा तास बसलो. एवढे मोठे रस्ते अन् माणूस दिसेना, तं आई म्हणे, इथले लोक राहतात तरी कुठं? तिनं माझं होस्टेल पाहिलं, मेसमध्ये डोकावून आली, गादी दाबून पाहिली. काउंटरवरच्या माणसानं विचारलं की कोर्स कोणता, अन् मी तोंड उघडायच्या आधी आईनं सांगितलं, फाइनेंस. असं सांगितलं जसं तिनंच निवडलं.

परतताना बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. मी तिचा हात धरला. दर शनिवारी मी घरी येणार आहे, हे तिले सांगून झालं आहे. तुम्हाले बी सांगते, म्हणजे साक्षीले दोघं झाले.

अन् बाबा, तुमचं अकाउंट्स मी सोडून नाही चालली. तुम्ही शिकवलं नसतं तं त्या सातव्या पानाच्या पुढचं मले दिसलं नसतं. फक्त जिथं तुम्हाले उभं ठेवलं, तिथं आत जाऊन बसायचं आहे मले.

एक शब्द देते. मामा नाही, आई नाही, मी देऊन राहिली, म्हणून कोणाले घाटावर उभं राहायची गरज नाही. उद्या मी कोण्या बँकेत बसली, अन् एखादा मिलवाला कर्जाची फाईल घेऊन आला, तं मी फाईल बाजूले ठेवीन अन् म्हणीन, तुमच्या मुनीमजींना आत पाठवा. ते दारातच उभे राहतील, मले माहीत आहे. मी उठून त्यांले खुर्ची देईन. दार लावून घेईन. अन् विचारीन, तुम्हाले काय वाटते? मग ते बोलेपर्यंत, कितीही वेळ लागो, मी गप बसून राहीन.

तुमची पोट्टी,
रेणू